सीपी/एम २.२ च्या बोर्डावर मोठे मेमरी कार्ड: १२८ एमबीच्या पुढची जागा कशी वापरावी?

प्रश्न

नमस्कार.

माझ्याकडे झेड-८० प्रोसेसरचा, स्वतः सोल्डर करून जोडलेला एक बोर्ड आहे. त्यावर ६४ केबी रॅम, दोन सीरियल पोर्ट आणि आठ-बिट पद्धतीने जोडलेले कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आहे. गेली दोन वर्षे १२८ एमबीच्या कार्डावर सीपी/एम २.२ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम विनातक्रार चालते आहे. बायॉसने (हार्डवेअरशी थेट बोलणाऱ्या सिस्टिमच्या भागाने) या कार्डाचे ए ते पी असे सोळा ड्राइव्ह केले आहेत. प्रत्येक ड्राइव्ह ८ एमबीचा आहे. शेवटचा पी मात्र २ एमबीचाच ठेवला आहे, कारण १२८ एमबी म्हणून मिळणाऱ्या काही कार्डांत प्रत्यक्षात तेवढे सेक्टर नसतात. ए ड्राइव्हच्या सुरुवातीचा १६ केबीचा एक ट्रॅक सिस्टिमसाठी राखलेला आहे.

आता ही जागा भरत आली आहे. कंपायलर, जुन्या प्रोग्रॅमांचे सोर्स आणि त्यांच्या मजकूर-पुस्तिका असा संग्रह मी ड्राइव्हनिहाय लावून ठेवला आहे आणि त्यातले काहीही काढून टाकण्याची माझी इच्छा नाही. म्हणून ४ जीबीचे कार्ड घेतले, जुन्या कार्डाची प्रत सेक्टरला सेक्टर लावून त्यावर उतरवली, आणि बोर्ड लगेच सुरूही झाला. परंतु ड्राइव्ह तेच सोळा राहिले आणि जागाही पूर्वीइतकीच. नव्या कार्डाचा जेमतेम बत्तिसावा भाग वापरात येतो आहे.

त्यानंतर मी एक प्रयोग केला. पी हा शेवटचा ड्राइव्ह असल्याने त्याच्यापुढे दुसरे काही नाही, म्हणून त्याच्या डिस्क पॅरामीटर ब्लॉकमधील (ड्राइव्हची रचना सांगणाऱ्या तक्त्यातील) डीएसएमची, म्हणजे शेवटच्या ब्लॉकच्या क्रमांकाची, किंमत ५११ वरून ८१९१ केली, म्हणजे ४ केबीच्या ब्लॉकने ३२ एमबी. वाटपाच्या नकाशाला (कोणते ब्लॉक वापरात आहेत याच्या नोंदीला) लागणारी १,०२४ बाइट जागाही दिली आणि सर्व पुन्हा असेंबल केले. स्टॅट प्रोग्रॅमने सुमारे ३२ एमबी मोकळी जागा दाखवली आणि पहिल्या फायली नीट उतरल्या. मात्र एकूण मजकूर ८ एमबीच्या आसपास पोहोचल्यावर आधीच्या फायली डिरेक्टरीतून एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. सेक्टर उघडून पाहिले तेव्हा डिरेक्टरीच्या जागी माझ्याच फायलींमधला मजकूर लिहिलेला आढळला. कार्ड खराब असावे या शंकेने दुसरे कार्ड लावून पाहिले, तरी तेच घडले. यात चूक नेमकी कोठे आहे, आणि उरलेली जागा वापरण्याचा खात्रीचा मार्ग कोणता?

उत्तर १

आपले कार्ड चांगले आहे आणि डीएसएमचे गणितही बरोबर आहे. जे घडले ते सीपी/एम २.२ च्या बीडॉसमध्ये, म्हणजे फायली आणि डिस्क सांभाळणाऱ्या भागात, ठरलेले आहे, आणि आपण डिरेक्टरीच्या सेक्टरांत पाहिलेला मजकूर हा त्याचा अगदी स्वच्छ पुरावा आहे.

बीडॉस डिस्कवरची जागा १२८ बाइटच्या रेकॉर्डांत मोजतो आणि रेकॉर्डचा क्रमांक १६ बिटांत ठेवतो. ६५,५३६ रेकॉर्ड गुणिले १२८ बाइट म्हणजे ८३,८८,६०८ बाइट, म्हणजेच ८ एमबी. ब्लॉक क्रमांकावरून रेकॉर्ड क्रमांक काढताना तो ब्लॉकच्या आकाराप्रमाणे तेवढे बिट डावीकडे सरकवतो; ४ केबीच्या ब्लॉकसाठी ही सरकवणी पाच बिटांची, म्हणजे ३२ ने गुणण्याची असते. आपला २०४८ क्रमांकाचा ब्लॉक घ्या. २०४८ गुणिले ३२ म्हणजे ६५,५३६ होतात. ही संख्या १६ बिटांत मावत नाही, वरचा बिट गळून पडतो आणि उत्तर शून्य येते. शून्य क्रमांकाचा रेकॉर्ड म्हणजे त्या ड्राइव्हच्या डिरेक्टरीचा पहिला रेकॉर्ड. म्हणजे आपली फाइल ८ एमबीची सीमा ओलांडताच थेट डिरेक्टरीवर लिहिली जाऊ लागली, आणि त्यात कोठेही त्रुटीचा संदेश येण्याचे कारण नव्हते, कारण बीडॉसच्या दृष्टीने लेखन यशस्वीच झाले होते. डीएसएम हे क्षेत्र १६ बिटांचे असल्यामुळे त्यात ८१९१ बसते आणि स्टॅटही त्यावर विश्वास ठेवते. म्हणून ही चूक फार जणांकडून होते.

ड्राइव्हच्या संख्येचेही असेच आहे. कोणते ड्राइव्ह उघडले आहेत याची नोंद बीडॉस एका १६ बिटांच्या शब्दात ठेवतो, एका ड्राइव्हला एक बिट. शिवाय स्मृतीतील ४ क्रमांकाच्या बाइटमध्ये खालचे चार बिट चालू ड्राइव्हचे आणि वरचे चार बिट वापरकर्ता क्रमांकाचे असतात. त्यामुळे सोळाच्या पुढे सतरावा ड्राइव्ह करता येत नाही, आणि सोळा गुणिले आठ म्हणजे १२८ एमबी ही एका वेळी दिसणाऱ्या जागेची कमाल मर्यादा ठरते. कार्ड ४ जीबीचे असो वा ३२ जीबीचे, त्याने यात काहीही बदलत नाही.

म्हणून ड्राइव्ह मोठे करण्याचा विचार सोडून द्यावा आणि ड्राइव्हची अक्षरे कार्डावर हलती करावीत. संपूर्ण कार्ड ८ एमबीच्या खंडांत वाटलेले आहे असे मानावे (या छंदातील मंडळी अशा खंडाला स्लाइस म्हणतात) आणि बायॉसमध्ये प्रत्येक ड्राइव्हसाठी दोन बाइटची एक नोंद ठेवावी: हे अक्षर सध्या कोणत्या खंडाकडे बोट दाखवते आहे. सध्या आपला बायॉस सेक्टरचा पत्ता काढताना ड्राइव्हचा क्रमांक वापरतो; त्याऐवजी या तक्त्यातील खंड क्रमांक वापरावा. ५१२ बाइटचे सेक्टर आणि १६ केबीचा ट्रॅक धरला, तर सेक्टरचा पत्ता म्हणजे खंड क्रमांक गुणिले १६,३८४, अधिक ट्रॅक गुणिले ३२, अधिक ट्रॅकमधील सेक्टर. १६,३८४ म्हणजे दोनाचा चौदावा घात असल्याने गुणाकाराचीही गरज नाही: खंड क्रमांकाचे खालचे दोन बिट पत्त्याच्या मधल्या बाइटच्या वरच्या दोन जागी जातात आणि उरलेले बिट जसेच्या तसे तिसऱ्या बाइटमध्ये बसतात. कार्डाच्या तीन पत्ता-रजिस्टरांचे मिळून २४ बिट होतात, त्यात १,०२४ खंड म्हणजे ८ जीबी मावतात; त्यापुढे जायचे असेल तरच ई० हेक्स लिहिले जाते त्या ड्राइव्ह-रजिस्टरातील खालच्या चार बिटांना हात लावावा लागेल. आपल्या ४ जीबीच्या कार्डात असे सुमारे पावणेपाचशे खंड बसतील. नेमका आकडा कार्डालाच विचारावा: ईसी हेक्स ही आयडेंटिफाय आज्ञा दिल्यावर मिळणाऱ्या माहितीतील ६० आणि ६१ क्रमांकाच्या शब्दांत एकूण सेक्टरसंख्या असते.

आपल्या आताच्या मांडणीत शून्य ते पंधरा हे खंड म्हणजेच जुने ए ते पी, त्यामुळे उतरवलेला संग्रह आहे तेथेच राहील. फक्त दोन ड्राइव्ह वेगळे आहेत. ए मध्ये एक ट्रॅक राखीव आहे आणि पी लहान आहे, म्हणून त्यांचे पॅरामीटर ब्लॉक इतरांशी जुळत नाहीत. हे दोन स्थिर ठेवून बी ते ओ हेच हलते करावेत. ए हलता न ठेवण्याचे दुसरेही कारण आहे: वॉर्म बूटच्या (वीज बंद न करता सिस्टिम पुन्हा सुरू करण्याच्या) वेळी बायॉस सिस्टिमचा भाग तेथूनच पुन्हा वाचत असेल, तर तो खंड जागेवर असलाच पाहिजे.

उत्तर २

वरील स्पष्टीकरणात भर म्हणून रॅमचा मुद्दा मांडतो, कारण ६४ केबीच्या बोर्डावर खरी टंचाई कार्डावरच्या जागेपेक्षा रॅमचीच असते.

प्रत्येक ड्राइव्हसाठी बायॉसला वाटपाचा नकाशा रॅममध्ये ठेवावा लागतो, एका ब्लॉकला एक बिट या हिशेबाने. ८ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ४ केबीचे २,०४८ ब्लॉक, म्हणजे २५६ बाइट. सोळा ड्राइव्हचे मिळून ४ केबी. एवढी रॅम प्रोग्रॅमांच्या वाट्यातून कायमची गेली, मग ते ड्राइव्ह कोणी उघडो वा न उघडो. खंड हलते झाले की सोळा अक्षरांची आवश्यकता राहत नाही. मी स्वतः आठच ड्राइव्ह ठेवतो आणि वाचलेली २ केबी रॅम कंपायलरला देतो. काही जण यासाठी ब्लॉकचा आकार १६ केबी करतात; नकाशा ६४ बाइटचा होतो हे खरे, परंतु मग एका ओळीची फाइलसुद्धा १६ केबी अडवते. आपला संग्रह बारीक सोर्स-फायलींचा आहे, तेव्हा तो मार्ग मी सुचवणार नाही.

ज्यांच्या बायॉसमध्ये प्रत्येक ड्राइव्हला स्वतंत्र पॅरामीटर ब्लॉक आहे आणि सेक्टरचा पत्ता केवळ ट्रॅक क्रमांकावरून निघतो, त्यांच्यासाठी आणखी सोपी युक्ती आहे. पॅरामीटर ब्लॉकच्या शेवटी राखीव ट्रॅकांची संख्या सांगणारा १६ बिटांचा शब्द असतो. बीडॉस त्यातील आकडा प्रत्येक ट्रॅकमध्ये मिळवतो. एका खंडात ५१२ ट्रॅक, म्हणून त्या शब्दात ५१२ च्या पटीतील संख्या लिहिली की तो ड्राइव्ह त्या खंडावर जातो. पॅरामीटर ब्लॉकचा पत्ता बीडॉसच्या ३१ क्रमांकाच्या कार्याने मिळतो, त्यामुळे हा बदल वीस-पंचवीस ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम करू शकतो आणि बायॉस पुन्हा असेंबल करावा लागत नाही. मर्यादा एवढीच, की ६५,५३६ ट्रॅक म्हणजे १ जीबी, त्यापुढे हा शब्द पुरत नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी एक काळजी अनिवार्य आहे. खंड बदलल्यावर बीडॉसला ते कळत नाही. न निघणाऱ्या डिस्कसाठी, डिस्क बदलली का हे ओळखणारी डिरेक्टरीची तपासबेरीज (चेकसम) बंद ठेवलेली असते, म्हणून जुन्या खंडाचा वाटपनकाशा तसाच राहतो, आणि पुढचे लेखन नव्या खंडात भरलेल्या जागेवर होऊ शकते. बदल करणारा प्रोग्रॅम शेवटी शून्य पत्त्यावर उडी मारून, म्हणजे वॉर्म बूट करूनच संपवावा. त्यात सर्व ड्राइव्ह नव्याने उघडले जातात आणि नकाशा डिरेक्टरीवरून पुन्हा तयार होतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डिरेक्टरीवर मजकूर का लिहिला गेला हे पहिल्यांदाच पूर्ण समजले.

माझा बायॉस ड्राइव्ह क्रमांकावरून पत्ता काढतो, म्हणून पहिला मार्ग घेतला. ए ते एच असे आठ ड्राइव्ह ठेवले, बी ते एच हलते केले आणि खंड बदलणारा प्रोग्रॅम लिहिला. जुने एक ते चौदा खंड या हलत्या अक्षरांपैकी कोणत्याही अक्षरावर आणता येतात आणि त्यातील फायली शाबूत आहेत. पंधरावा, म्हणजे जुना पी, आकाराने वेगळा होता. बदल करण्याआधीच त्यातील फायली दुसरीकडे हलवल्या.

दोन अडचणी मात्र राहिल्या आहेत. पहिली: सोळाव्या खंडापासून पुढे काहीही लिहिता येत नाही. फायलींची यादी दाखवणारी डीआयआर आज्ञा फाइल नाही असे सांगते, परंतु पिप हा प्रोग्रॅम वापरून प्रत काढू गेलो की डिरेक्टरीत जागा नसल्याचा संदेश येतो. दुसरी: क्वचित, खंड बदलल्यानंतर लगेच डीआयआर दिली तर पहिल्या काही फायली आधीच्या खंडातल्या दिसतात, आणि इतर काही काम करून पुन्हा पाहिले की यादी बरोबर येते. वॉर्म बूट मी आपण सांगितल्याप्रमाणे करतोच आहे.

उत्तर १ देणारे

पहिली अडचण नव्या खंडांना डिरेक्टरी तयार करून दिलेली नसल्यामुळे आहे. डिरेक्टरीतील ३२ बाइटच्या नोंदीचा पहिला बाइट ई५ हेक्स असेल तरच बीडॉस ती रिकामी मानतो. न वापरलेल्या फ्लॅश कार्डात बहुधा एफएफ किंवा शून्य भरलेले असते. आपल्या कार्डात एफएफ असणार: २५५ हा वापरकर्ता क्रमांक कोणाचाच नसल्याने डीआयआरला काही दिसत नाही, परंतु बीडॉसच्या लेखी ५१२ च्या ५१२ नोंदी भरलेल्या आहेत. ज्यांच्या कार्डात शून्य असते त्यांना उलट अनुभव येतो, म्हणजे शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या नावाने बिननावाच्या फायलींची लांबलचक यादी दिसते. उपाय दोन्हींसाठी एकच आहे. प्रत्येक नव्या खंडाच्या डिरेक्टरीत ई५ भरावे. ५१२ नोंदी म्हणजे १६ केबी, म्हणजे खंडाच्या सुरुवातीचे फक्त ३२ सेक्टर. संपूर्ण ८ एमबी भरण्याचे कारण नाही. हा प्रोग्रॅम लिहिताना, पहिल्या नोंदीत खरी फाइल दिसली तर विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही अशी अट त्यात जरूर घालावी. चुकीचा खंड क्रमांक टंकला गेला तर एका क्षणात पूर्ण खंडाची डिरेक्टरी जाते.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे आणि ती आपण लक्षपूर्वक टिपली हे फार बरे झाले. कार्डाचा सेक्टर ५१२ बाइटचा आणि बीडॉसचा रेकॉर्ड १२८ बाइटचा, त्यामुळे बायॉस एक सेक्टर बफरमध्ये ठेवतो आणि त्यातून चार रेकॉर्ड पुरवतो. मागितलेला रेकॉर्ड बफरमध्येच आहे का, हे तो ड्राइव्ह, ट्रॅक आणि सेक्टर या तीन क्रमांकांवरून ठरवतो. डिजिटल रिसर्चने सीपी/एमबरोबर दिलेल्या नमुना-बायॉसची रचना अशीच आहे आणि बहुतेक छंदी बोर्डांचे बायॉस तिच्यावरूनच बेतलेले असतात. आपण खंड बदललात, परंतु हे तीनही क्रमांक तेच राहिले. म्हणून डिरेक्टरीचा पहिला सेक्टर कार्डावरून न वाचता बफरमधला जुनाच दिला गेला. एका सेक्टरमध्ये सोळा नोंदी असतात, तेव्हा आपल्याला दिसलेल्या परक्या नोंदीही फार तर सोळाच असल्या पाहिजेत.

हे केवळ दिसण्यापुरते राहत नाही. त्या स्थितीत एखादी फाइल लिहिली, तर जुन्या खंडाची डिरेक्टरी-नोंद नव्या खंडात जाऊन बसेल. म्हणून खंड बदलण्याचे काम बायॉसमधील एका छोट्या उपक्रमाकडे (सबरूटीनकडे) द्यावे आणि त्याने क्रमाने असे करावे: बफरमध्ये न लिहिलेला मजकूर असेल तर तो आधी जुन्या खंडात लिहावा, मग बफर अवैध ठरवावा, आणि त्यानंतरच तक्त्यातील क्रमांक बदलावा. हा क्रम उलटा झाला तर न लिहिलेला मजकूर नव्या खंडात पडेल.

उत्तर ३

आपण बायॉस स्वतः लिहीत आहात, त्यामुळे माझा सल्ला कदाचित आपल्यासाठी नसेल, परंतु हा धागा इतरही वाचतील. ज्यांच्या बोर्डावर बँक बदलणारी मेमरी आहे, उदाहरणार्थ ५१२ केबी रॉम आणि ५१२ केबी रॅम, त्यांनी वेन वॉर्थिन यांची रॉमडब्ल्यूबीडब्ल्यू ही तयार प्रणाली अवश्य पाहावी. खंडांची हीच कल्पना तिथे पूर्णत्वाला नेलेली आहे. एका कार्डावर २५६ पर्यंत खंड करता येतात आणि असाइन या आज्ञेने कोणतेही अक्षर कोणत्याही खंडाला चालू स्थितीत जोडता येते. बफर आणि नकाशे यांची काळजी ती आज्ञाच घेते. डिरेक्टरी साफ करण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम सोबत येतो.

तिथे खंडांच्या दोन मांडण्या आहेत, एक ५१२ नोंदींची जुनी आणि दुसरी १,०२४ नोंदींची नवी. जुन्या मांडणीतील खंड ८ एमबीहून थोडा मोठा आहे, कारण सिस्टिमचे १२८ केबी त्यात वेगळे धरलेले आहेत, तर नवी मांडणी बरोबर ८ एमबीची आणि कार्डाच्या विभाजन-तक्त्यात स्वतःचा विभाग नोंदवणारी आहे. एकाच कार्डावर या दोन मांडण्या एकत्र नांदत नाहीत. नवीन सुरुवात करणाऱ्याने नवीच घ्यावी. त्यामुळे त्याच कार्डावर पुढे फॅट पद्धतीचा एक विभाग ठेवता येतो आणि नेहमीच्या संगणकावरून आणलेल्या फायली तेथून सीपी/एममध्ये उतरवता येतात.

एकच ड्राइव्ह ८ एमबीहून मोठा हवा असेल, तर सीपी/एम ३ हा सरळ मार्ग आहे. तिथे ड्राइव्ह ५१२ एमबीपर्यंत आणि फाइल ३२ एमबीपर्यंत जाते. पण नकाशाचा खर्च तिथेही चुकत नाही: ५१२ एमबीच्या ड्राइव्हला १६ केबीचेच ब्लॉक घ्यावे लागतात आणि तरीही ३२,७६८ ब्लॉकांसाठी किमान ४ केबी जातात.

आणखी एक वाचक

माझा प्रश्न याच विषयाचा आहे, फक्त माझ्या बोर्डावर एसडी कार्ड आहे, एसपीआय या मोजक्या तारांच्या सीरियल पद्धतीने जोडलेले. २ जीबीचे जुने कार्ड उत्तम चालते. ८ जीबीचे कार्ड पूर्वी सुरूच होत नसे. नंतर एका नमुन्यावरून मी सुरुवातीच्या आज्ञांमध्ये आठ क्रमांकाची आज्ञा घातली आणि त्यापुढच्या एसीएमडी ४१ या आज्ञेत मोठ्या कार्डाचा बिट लावला, तेव्हा ते सुरू झाले. आता ए ड्राइव्ह पूर्ण चालतो, बी बराचसा चालतो, परंतु सी पासून पुढे प्रत्येक वाचनाला त्रुटी येते. शिवाय हे कार्ड संगणकात लावून सीपीएमटूल्सने (सीपी/एमच्या डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रॅमांनी) पाहिले, तर त्यात माझ्या फायली दिसत नाहीत, आणि बोर्डावर त्याच फायली व्यवस्थित उघडतात. माझ्याकडेही १६ बिटांची मर्यादा आड येते आहे का?

उत्तर २ देणारे

नाही, ही वेगळी गोष्ट आहे, आणि बी ड्राइव्ह अर्ध्याहून अधिक चालतो या आपल्या निरीक्षणावरूनच ती ओळखता येते.

२ जीबीपर्यंतची मूळ एसडी कार्डे वाचन-लेखनाचा पत्ता बाइटमध्ये घेतात, म्हणून त्यांच्यासाठी सेक्टर क्रमांकाला ५१२ ने गुणून पाठवावे लागते. २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांनी ४ ते ३२ जीबीची एसडीएचसी कार्डे आणली. ३२ बिटांत बाइट मोजले तर ४ जीबीलाच पत्ता संपतो, म्हणून ही कार्डे पत्ता थेट सेक्टरमध्ये घेतात. आपला बायॉस अजूनही ५१२ ने गुणतो. त्यामुळे शून्यावा सेक्टर शून्यावरच जातो, पण पहिला सेक्टर कार्डाच्या ५१२ व्या सेक्टरवर, दुसरा १,०२४ व्या सेक्टरवर, असा आपला मजकूर कार्डभर विखुरला आहे. वाचतानाही तोच गुणाकार होत असल्याने बोर्डाला काहीच खटकत नाही, संगणकाला मात्र सगळे विस्कळीत दिसते. ८ जीबीच्या कार्डात सुमारे दीड कोटी सेक्टर असतात. त्याला ५१२ ने भागले की सुमारे ३०,००० उरतात. एका ड्राइव्हचे १६,३८४ सेक्टर, म्हणून ए पूर्ण, बी बहुतांश, आणि ३२,७६८ पासून सुरू होणारा सी कार्डाच्या बाहेर.

आपण सुरुवातीच्या आज्ञांतील पहिला भाग घेतला आणि शेवटचा राहिला. एसीएमडी ४१ ने कार्ड तयार झाल्याचे सांगितल्यावर ५८ क्रमांकाची आज्ञा देऊन ओसीआर हे ३२ बिटांचे रजिस्टर वाचावे. त्यातील ३० क्रमांकाचा बिट एक असेल तर पत्ता सेक्टरमध्ये द्यावा, शून्य असेल तर ५१२ ने गुणावा. हे उत्तर एका बाइटमध्ये जपून ठेवावे आणि वाचन-लेखनाच्या वेळी तेच पाहावे. कार्डाच्या आवरणावर छापलेल्या आकड्यावरून ठरवू नये. शून्य आले तर १६ क्रमांकाच्या आज्ञेने ब्लॉकची लांबी ५१२ आहे हेही स्पष्ट सांगावे, कारण २ जीबीच्या कार्डांची माहिती-नोंद १,०२४ बाइटच्या ब्लॉकने लिहिलेली असते.

त्याच ठिकाणी हात लावलाच आहे तर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिल्या आज्ञेआधी कार्डाची निवड-रेषा उंच ठेवून किमान ७४ क्लॉक द्यावे लागतात आणि कार्ड तयार होईपर्यंत वेग ४०० किलोहर्ट्झच्या आत असावा लागतो. काही कार्डे याकडे दुर्लक्ष करतात, काही करत नाहीत, आणि मग दोष कार्डाचा वाटतो. दुसरे म्हणजे विद्युतदाब. एसडी कार्ड २.७ ते ३.६ व्होल्टचे आहे. ५ व्होल्टच्या बोर्डावरून येणाऱ्या रेषा ७४एचसी४०५० सारख्या, स्वतःच्या पुरवठ्यापेक्षा अधिक दाब सोसणाऱ्या बफरमधून ३.३ व्होल्टवर उतरवाव्यात. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड ५ व्होल्टवरही चालते, त्यामुळे तिकडून इकडे येणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही.

उत्तर ४

काही बोर्डांवर कार्डाचे काम झेड-८० कडे नसून शेजारच्या मायक्रोकंट्रोलरकडे असते, आणि प्रत्येक ड्राइव्ह म्हणजे फॅट पद्धतीच्या एसडी कार्डावरची ८ एमबीची एक फाइल असते. झेड-८०-एमबीसी२ हा याचा परिचित नमुना. तेथे जागा वाढवणे म्हणजे नव्या प्रतिमा-फायली ठेवणे. परंतु त्यात वापरलेली पेटिट फॅटएफएस ही लायब्ररी फाइल नव्याने तयार करू शकत नाही आणि असलेली वाढवूही शकत नाही. फक्त असलेल्या लांबीच्या आत लिहिते. म्हणून प्रतिमा संगणकावर आधीच पूर्ण ८ एमबीची करून, डिरेक्टरीत ई५ भरून मगच कार्डावर ठेवावी.

प्रश्नकर्ता

बफर अवैध ठरवण्याचा उपक्रम घातल्यापासून परकी नोंद एकदाही दिसली नाही. आधी दिसलेल्या नोंदी मोजून ठेवल्या होत्या. त्या चौदा, म्हणजे सोळाच्या आतच होत्या. सोळा ते एकोणतीस या खंडांच्या डिरेक्टऱ्या तयार केल्या आहेत आणि पुढचे खंड गरज पडेल तसे करीन. कोणत्या खंडात काय आहे हे लक्षात राहणार नाही म्हणून प्रत्येक खंडात, त्याचा क्रमांकच नाव असलेली शून्य लांबीची एक फाइल ठेवली आहे. तिला ब्लॉक लागत नाही, केवळ एक नोंद लागते, आणि डीआयआर दिली की आपण कोठे आहोत ते कळते.

आणखी एक वाचक

५८ क्रमांकाची आज्ञा घातली, बिट एक आला, गुणाकार वगळला आणि पूर्वी न उघडणारा सी ड्राइव्ह आता वाचता-लिहिता येतो. अपेक्षेप्रमाणे ए आणि बी मधील जुन्या फायली मात्र आता बोर्डाला दिसत नाहीत. त्यातील काही गोष्टींची दुसरी प्रत माझ्याकडे नाही. त्या परत मिळण्याचा मार्ग आहे का?

उत्तर २ देणारे

आहे, फक्त त्या कार्डावर आता काहीही लिहू नका. सी वर चाचणीसाठी लिहिले असेल तेवढे पुरे. प्रथम संगणकावर संपूर्ण कार्डाची प्रतिमा काढून घ्या. नंतर त्या प्रतिमेतील ०, ५१२, १,०२४, १,५३६ या क्रमाने प्रत्येक ५१२ वा सेक्टर उचलून एकापुढे एक नव्या फाइलमध्ये लिहीत जा. पहिल्या १६,३८४ सेक्टरांतून आपला ए ड्राइव्ह जसाच्या तसा उभा राहील आणि त्यापुढच्यांतून बी. चाचणीच्या वेळी लिहिलेला एखादा सेक्टर ५१२ च्या पटीतील असेल तर जुन्या मजकुरातील तेवढाच एक सेक्टर बिघडलेला निघेल. त्या दोन फायली सीपीएमटूल्सने उघडून यादी बरोबर येते याची खात्री करा, आणि मगच त्या कार्डाच्या पहिल्या दोन खंडांवर लिहा.